शेवग्याला पाणी

शरयू आपली झाडं मारते आहे, याबद्दल उत्कर्षाच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

आता एखादीबद्दल एवढी खात्री व्हायला काहीतरी घडावं लागतं म्हणतात. इथं एवढंच घडलं होतं, की शरयू साताऱ्याची होती आणि फेलोशिप देणारी संस्थाही साताऱ्याची. शनिवारी दुपारी ही बाई एसटीनं घरी जायची आणि सोमवारी हसतमुखानं सांगलीत हजर. मधल्या वेळात तिथं काय खलबतं होत असतील, हे उत्कर्षाला कुणी सांगायची गरज नव्हती. ती स्वतःच स्वतःला सांगायची, आणि दर सोमवारी त्यात थोडी भर पडायची.

फेलोशिप होती पर्यावरणाची. विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या आवारात स्वतःच्या हिमतीवर काही काम उभं करायचं. ज्याचं काम तगेल, त्याच्या पुढच्या शिक्षणाचा खर्च संस्था उचलणार. त्या वर्षांत 'पर्यावरण' हा शब्द कॉलेजात नवा नवा आला होता, आणि तो इंग्रजीच्या शरच्चंद्र सरांच्या गळ्यात मारला होता. सरांनी दोन्ही पोरींना एकत्र बसवलं. शरयूनं मेसच्या खरकट्याचा खतखड्डा करायचा, उत्कर्षानं लेडीज होस्टेलच्या न्हाणीचं पाणी वळवून मागच्या मोकळ्या जागेत शेवगा लावायचा. काम दोघींचं, पण कॉलेजातून नाव मात्र एकीचंच जाणार होतं. तिथंच माशी शिंकली.

उत्कर्षाला ते नाव हवंच होतं. ती आटपाडीकडची. घरात मेंढरं आणि थोडा माळ. वडील भाऊसो तिला पोचवायला आले, तेव्हाच सांगून गेले होते, "बीएस्सीपातूर मी हाय. म्होरचं तुजं तू मिळीव, न्हाईतर घरला ये." त्यात राग नव्हता. जेवढं अंगात होतं तेवढं माणूस बोलला.

बियाणं तिनं घरून आणलेलं, अंगणातल्या शेवग्याचं. रोपं तरारून आली आणि पोरीला आभाळ ठेंगणं झालं. मग हळूहळू पानं पिवळी पडायला लागली. उत्कर्षानं पाणी वाढवलं. पानं गळायला लागली. तिनं आणखी वाढवलं. होस्टेलात आंघोळीला मिळणाऱ्या दोन बादल्यांपैकी एकीत ती अंग उरकायची आणि दुसरी कमरेवर घेऊन मागं न्यायची. घरी बाजेवर बसून आंघोळ करायची, खाली घमेलं ठेवायचं आणि त्यातलं पाणी शेरडांना दाखवायचं, अशा घरातली पोर ती. पाणी देणं म्हणजे जीव देणं, यापलीकडे तिला पाण्याचं काही ठाऊक नव्हतं.

आणि त्यात शरयू एकदा म्हणाली, "अगं, पाणी जरा कमी कर बाई. इथली माती काळी आहे, चिखल धरून बसते."

उत्कर्षा नुसतं "बरं" म्हणाली. आतून मात्र पेटली. तहानलेल्याच्या तोंडचं पाणी काढून घ्या म्हणणारीला आटपाडीत काय म्हणतात, ते इथं लिहिण्यासारखं नाही. साताऱ्याहून चांगलं शिकवून पाठवतायत हिला, असं तिनं मनाशी धरलं आणि पाळत ठेवली.

संशयाला पुरावा हवा असला की तो मिळतोच. एका दुपारी प्रॅक्टिकल लवकर सुटलं. उत्कर्षा मागच्या अंगाला आली, तर शरयू रोपांत उकिडवी बसलेली, हातात खुरपं. उत्कर्षानं रोपांभोवती जीव ओतून थापलेली आळी ती एकेक फोडत होती. साठलेलं पाणी ओघळून चराला लागलं होतं.

उत्कर्षानं तिला हाताला धरून थेट सरांपुढं नेलं, खुरप्यासकट.

"सर, पाणी जास्त होतंय. मी वाट करून देत होते," शरयू म्हणाली.

"पानी जास्त?" उत्कर्षा ओरडली. एरवी कॉलेजात जपून बोलणारी पोर, पण त्या वेळी तिची बोली उफाळून आली. "पानी जास्त कसं हुईल, सर? झाडं वाळल्यात, आन् ही हाय ते पानी सोडून देतीया!"

सरांनी एकीच्या डोळ्यातलं पाणी पाहिलं, दुसरीच्या हातातलं खुरपं पाहिलं. मातीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. ते शरयूला म्हणाले, "तुम्ही काही दिवस तिकडे जाऊ नका."

"काही दिवस कशाला?" शरयू म्हणाली. तिनं खुरपं टेबलावर ठेवलं आणि दोन्ही कामांतून नाव काढून घेतलं. खतखड्ड्याकडं मग कुणी फिरकेना. मेसमध्ये वास यायला लागला, तेव्हा रेक्टरबाईंनी तो बुजवून टाकला. फोडलेली आळी उत्कर्षानं परत बांधली आणि काठोकाठ भरली. आता आडवं येणारं कुणी नव्हतं.

साताऱ्याहून संस्थेच्या ज्ञानदाताई पाहायला आल्या, तेव्हा शेवग्याच्या नुसत्या काड्या उभ्या होत्या. त्यांनी एक काडी धरून ओढली. ती विनातक्रार वर आली. मूळ काळं पडलेलं, बोटानं दाबलं तर सडक्या बटाट्यासारखं दबत होतं, आणि त्याचा वास सरांपर्यंत गेला.

"ही बुडून मेलीत गं," ताई म्हणाल्या. कोपऱ्यात एक रोप हिरवंगार होतं. त्याच्यापाशी जाऊन त्यांनी विचारलं, "याचं आळं कुणी फोडलं?"

ते एकच बांधायचं राहून गेलं होतं. उत्कर्षाला वाटलं, आपल्यालाच कुणी त्या चिखलात उभं गाडावं.

"शरयूनं," ती म्हणाली.

"आणि तिचा तो खतखड्डा?"

"बुजवला," सर म्हणाले. फेलोशिप दुसऱ्या कॉलेजला गेली.

त्या संध्याकाळी उत्कर्षा शरयूच्या खोलीवर गेली. "चुकलं माझं," म्हणाली. "हो, चुकलं," शरयू म्हणाली. तिनं दार लावून घेतलं नाही, पण आत ये असंही म्हणाली नाही. उत्कर्षा उंबऱ्यावरूनच परत फिरली.

परीक्षा झाल्यावर भाऊसो ट्रंक न्यायला आले. सांगलीच्या स्टँडवर गाडीची वाट बघत त्यांनी चंची सोडली आणि विचारलं, "झाडं कशानं गेली म्हनायची?"

"पान्यानं, दादा. लय पानी झालं."

भाऊसोंचा चुन्याचा हात तसाच राहिला. त्यांनी लेकीकडं नीट पाहिलं. शेरडू विकायला आलेल्या अनोळखी माणसाकडं पाहावं तसं.

"पान्यानं कुटं झाड मरतंय व्हय?" ते म्हणाले. "मला शिकवतीस? खरं सांग. तू पत्रात लिवल्याली ती साताऱ्याची पोर, तिनंच कायतरी घातलं आसंल मुळात."

"न्हाई, दादा. तिनं तर वाचवलं वो एक."

"तुला न्हाई कळायचं," भाऊसो म्हणाले, "साताऱ्याची हाय ती." आणि शांतपणे तंबाखू मळू लागले.