फायलींमधलं योस्टचं नाव

योस्टला जाऊन वर्ष होत आलं, तरी त्याच्या नावाने ईमेल निघतच होत्या. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या ऑफिसात सॉफ्टवेअरची एखादी चाचणी फसली की सिस्टिम योस्टच्या पत्त्यावर तक्रार पाठवायची, आणि तो पत्ता बंद असल्याने ती परत यायची.

"नीळकंठ, सगळ्या फायलींमधून त्याचं नाव काढून तुझं घाल ना," टीम लीड अपूर्वा व्हिडिओ कॉलवर म्हणाली. "आणि फायलींतले शब्द शोधून बदलायला कुठलं ओपन सोर्स टूल बरं, तेही बघून सांग. प्रत्येक जण वेगळंच वापरतो."

नीळकंठ आइंडहोवनजवळच्या बेस्ट गावात एकटाच राहायचा. लॉकडाऊनमुळे ऑफिस बंद होतं. दिवसभरात तोंडातून शब्द निघायचा तो अशा कॉलवरच. योस्ट ऑफिसात त्याच्या शेजारी बसायचा. कोरोनाने गेला. त्याचा अंत्यविधी नीळकंठने लॅपटॉपवर पाहिला, मग लॅपटॉप मिटला आणि भांडी घासायला घेतली.

काम मात्र त्याने मन लावून केलं. सेड हे टूल जुनं, बहुतेक प्रत्येक लिनक्स संगणकावर हजर. पण ईमेल पत्त्यातल्या टिंबाला ते 'कुठलंही अक्षर' समजतं, म्हणून जपून लिहावं लागतं. एसडी हे त्याच कामाचं नवं टूल, लिहायला सोपं. रिपग्रेप हे तिसरं टूल शोधतं झटक्यात, पण फाइल स्वतः बदलत नाही. शिवाय लपवलेल्या फायली आपणहून वगळतं. ग्रेप या जुन्या शोध-टूलने सगळं धुंडाळल्यावर अशी एक लपवलेली फाइल हाती लागली. तिच्यात टीप होती: 'हे मी स्वतः बिघडवलंय. दुरुस्त करायला गेलो तर आणखी बिघडलं. हात लावू नका. योस्ट.'

नीळकंठ खो खो हसला, आणि रिकाम्या घरात आपलाच आवाज ऐकून गप्प झाला.

त्याने अपूर्वाला फोन केला. "पत्ते बदलतो. पण टिपांखाली त्याने नाव लिहिलंय. तिथे माझं कसं घालू?"

 अपूर्वा म्हणाली, "नको घालूस. आणि टूलचं काय?"

"शोधायला रिपग्रेप, पण लपवलेल्या फायलींतही बघ असं त्याला सांगायचं. बदलायला एसडी. आणि काय बदलणार ते आधी डोळ्यांनी बघायचं."

शनिवारी तो सायकल काढून योस्टच्या घरी गेला. त्याच्या बायकोने, आनेकेने, दार उघडलं. नीळकंठ चार पावलं मागे सरला आणि त्याने मास्कमधून मोडक्या डचमध्ये आपण कोण ते सांगितलं.

"तो दिवसभर नेमकं काय करायचा, मला कधी कळलंच नाही," ती म्हणाली.

त्याने ती टीप सांगितली. आनेके दाराला टेकून हसायला लागली. "घरीही तेच! नळ दुरुस्त करायला घ्यायचा, आणि शेवटी प्लंबरला बोलवावं लागायचं."

हसता हसता तिने डोळे पुसले. पुढे होऊन तिच्या खांद्यावर हात ठेवावा असं त्याला वाटलं. पण तो जागचा हलला नाही. तिने कॉफीचा मग पायरीवर आणून ठेवला आणि ती परत उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. तिथूनच दोघं वाऱ्यात बोलत राहिली, नळाबद्दल, योस्टच्या भयंकर टायांबद्दल.

"पुढच्या शनिवारी येशील?" तिने विचारलं.

"पाऊस नसेल तर येतो."

"असला तरी ये. सायकलींची शेड आहे, दार उघडं ठेवून बसू."

"बरं, येतो," नीळकंठ म्हणाला.