शहादेवरावांच्या हृदयावरची दुलई

मित्रांनो, मी एक जुना, पिवळसर चरबीचा थर आहे. माझा पत्ता म्हणजे केजजवळच्या एका दूध संस्थेचे सचिव शहादेवराव यांचे हृदय. नाक मुरडू नका! मी जन्मापासून कामाचा. हृदयाला भूक लागली की माझ्यातले थोडे काढून द्यायचे आणि त्याच्या रक्तवाहिन्यांना धक्का लागू द्यायचा नाही. दुष्काळात शहादेवराव रोज चारा छावणीवर पायी जात, तेव्हा मी दुलईसारखा पातळ होतो.

संस्थेत प्रत्येकाच्या दुधातून तपासणीसाठी थोडे काढून घेतात. त्यातले उरलेले दूध दुष्काळात शहादेवरावांना फेकवेना. ते आटवून, साखर घालून ते स्वतःच पिऊ लागले. पुढे पाऊसकाळ सुधारला, सभासद वाढले, पातेले मोठे झाले, दारात मोटारसायकल आली आणि पायी जाणे सुटले. आटीव दुधाची सवय मात्र तीच राहिली.

"अवो, रोज एवढं आटीव दूध कावून पेता?" त्यांच्या पत्नी वत्सलाबाई विचारत.

"दूध वाया घालायचं न्हाई. अन् मी लई वाळलेला हाय, मला काय व्हतंय?"

हातपाय खरेच काडीसारखे होते. पोट सदऱ्याखाली लपले आणि मी बरगड्यांआड फुगत गेलो. खोटे कशाला सांगू, सुरुवातीला मला तो मोठेपणा आवडला. मग माझ्यातून दाह करणारी द्रव्ये पाझरू लागली. जिला जपायचे तीच रक्तवाहिनी आतून अरुंद होऊ लागली. मला फार लाज वाटली, पण मी ओरडणार कसा?

एका सकाळी दुधाचा कॅन उचलताना शहादेवरावांची छाती दाटून आली आणि ते मटकन खाली बसले. वत्सलाबाईंनी काही एक न ऐकता त्यांना बीडला नेले. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर मला दाखवले.

"ही चरबी बाहेरून दिसत नाही, काका. नस अजून बंद झालेली नाही, वेळेवर आलात. गोळ्या चुकवू नका. हळूहळू चालणं वाढवा."

"अन् उरलेलं दूध?"

"त्याचं मी बगते!" वत्सलाबाई म्हणाल्या.

आता त्या दुधाचे पातळ ताक होते आणि ते सगळ्या सभासदांना वाटले जाते. शहादेवराव संस्थेत पायी जातात. मी रोज थोडा झिजतो आणि त्याचा मला आनंदच होतो.

मित्रांनो, माझा राग करू नका, मला फक्त मापात ठेवा. परवा चढावर हृदयाला भूक लागली. कितीतरी वर्षांनी त्याने माझ्याकडे हात पसरला आणि माझ्याजवळ होते त्यातले मी आनंदाने दिले.