वाटणीत उरलेले पिंप

आज सकाळी सात वाजता सुताराने माझ्या पोटावर खडूने आडवी रेघ मारली. त्या रेघेवर मला कापायचे, एक अर्धा भाग ताईला आणि दुसरा तिच्या धाकट्या भावाला द्यायचा, असे ठरले होते. दोन्ही भागांत फुलझाडे लावणार होते.

मित्रांनो, मी एक जुने लाकडी पिंप आहे. माझ्या आत या खोऱ्यातली साधी लाल वाइन तयार होत असे. सोनेरी चिठ्ठीच्या बाटल्यांतली नव्हे, तर दिवसभर विटा रचून आलेला गवंडी रात्रीच्या जेवणाबरोबर पेलाभर घेतो, तशी. एका मळ्याच्या द्राक्षांची ती कधीच होत नाही. वरच्या उतारावरचे दगड संध्याकाळपर्यंत तापलेले असतात. तिथली वाइन तिखट आणि जीभ आखडवणारी. खाली नदीकाठी सकाळी धुके बसते. तिथली मऊ, पण एकटी प्यायली तर मिळमिळीत. माझ्यात दोन्ही एकत्र यायच्या आणि माणसे म्हणायची, "हां, आता कशी आपली वाटते!"

या दोघांचे वडील, अण्णा, मिसळणीच्या दिवशी एक नियम पाळत. खालचा मळा ताई बघे, वरचा धाकटा. पण दोघांनी चव घ्यायची ती एकमेकांच्या वाइनची. ताईची किती ओतायची ते धाकटा सांगे, धाकट्याची किती ते ताई. "स्वतःचं कुणालाही गोडच लागतं," अण्णा म्हणत.

अण्णा गेले. पुढच्याच मिसळणीला धाकट्याची वाइन ओतताना ताई लवकर "बस" म्हणाली.

"एवढीच? माझी एवढीच?"

"बाळ्या, यंदा तुझी फार कडक उतरलीय रे."

"आणि तुझी काय मोठं अमृत आहे?"

बादली तिथेच आपटून तो निघून गेला. मग मळे वाटले गेले, घर वाटले गेले, शिडीसुद्धा. मी तेवढे अंगणातल्या शेडमध्ये दोघांचे सामाईक राहिले.

रिकाम्या पिंपात पाणी ठेवावे लागते. नाहीतर फळ्या सुकतात, आकसतात आणि त्यांच्यात फटी पडतात; पुन्हा भिजून फुगल्या, तरच त्या फटी मिटतात. हे दोघांनाही लहानपणापासून ठाऊक होते. पण ताईला वाटे, बाळ्याने भरले असेल. बाळ्याला वाटे, ताईने भरले असेल. विचारायचे तर बोलावे लागले असते. उन्हाळ्यामागून उन्हाळे गेले. माझ्या लोखंडी पट्ट्या सैल होऊन खाली घसरल्या.

काल खाणावळवाल्याने दोघांच्याही बाटल्या परत पाठवल्या. निरोप एकच होता: "पूर्वीची असेल तर द्या, नाहीतर राहू दे." आमच्या वाइनचे ते शेवटचे गिऱ्हाईक.

म्हणून आज सुताराने करवत उचलली, तेव्हा ताई म्हणाली, "थांबा. आधी पाणी भरून बघू."

"ताई, हे आता पिंप नाही, चाळण आहे."

"असू दे."

"भरतो. पण अंगणात तळं झालं तर बदकं तुम्हीच आणा!"

ताई हसली नाही. सुताराने पट्ट्या ठोकून वर चढवल्या आणि पाणी ओतले. ते सगळीकडून वाहिले. पुन्हा ओतले, पुन्हा वाहिले. दुपारी जेवायला जाताना त्याने वरच्या मळ्यात ही बातमी पोहोचवली असावी.

मित्रांनो, दोघांची मिळून एखादी वस्तू असेल, तर दुसऱ्याने तिच्याकडे पाहिले असेल असे धरून चालू नका. जाऊन बघा. नाहीतर निदान विचारा. मला पाणी घालायला कुणी नाही म्हणाले नव्हते. तरीही मी कोरडे पडले.

संध्याकाळी धाकटा शेडच्या दारात आला. त्याच्या हातात स्वतःच्या मळ्याची बाटली होती.

"गळतंय?"

"सकाळपेक्षा कमी."

तो माझ्याजवळ बसला आणि गळत्या फटीखाली त्याने तळहात धरला. हात भरून वाहिला. "मला वाटलं, तू भरत असशील," तो म्हणाला.

"मलाही तेच," ताई म्हणाली आणि घरात जाऊन आपली बाटली घेऊन आली.

दोन्ही बाटल्या आता बाकावर आहेत. बुचे अजून निघालेली नाहीत. शेजारी करवत आहे. कापायचे की नाही, ते विचारायला सुतार उद्या सकाळी येणार आहे. खडूची रेघ ओली झाली आहे, पण दिसते. तिच्या खालच्या फटीतून पाणी थेंब थेंब गळते आहे.