कपड्यांतली धूळ

"तुम्ही कधी कारखान्यात कामाला होता का?" डॉक्टरांनी विचारलं.

मिस्त्रींच्या बायकोला हसू आलं आणि हसण्यापाठोपाठ खोकला. "मी कसली कामाला जाते? घरातच जन्म गेला. कामाला हे जायचे. बसडेपोत, ब्रेकचं काम."

डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. मिस्त्री निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. तब्येत मात्र ठणठणीत होती.

"चाक उघडलं की आतली धूळ कशी काढायचात?"

"हवेच्या पाइपने उडवायची. सगळेच उडवायचे."

"त्या जुन्या ब्रेकच्या पट्ट्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. त्याचे बारीक तंतू छातीत गेले की तिथेच राहतात. आजार कित्येक वर्षांनी डोकं वर काढतो. घरी तुमचे कपडे कोण धुवायचं?"

बायको म्हणाली, "मीच. आधी गॅलरीत झटकायचे, मग भिजवायचे. पाणी नुसतं काळंकुट्ट."

"मग मला कसं काही झालं नाही?" मिस्त्रींनी विचारलं.

"कुणाला होतो, कुणाला नाही. का ते सांगता येत नाही. छातीतलं पाणी काढू, त्रास कमी होईल. पण मुळापासून बरा होणारा आजार नाही हा."

घरी आल्यावर ती खुर्चीत टेकली, दम खाल्ला. "लेकीला यातलं काही सांगू नका. आई आजारी आहे, एवढंच सांगा."

"का?"

"का काय? तुम्ही कामावरून आलात की आधी तुमच्या कडेवर चढायची ती. कपडे बदलेपर्यंतसुद्धा धीर नसायचा. आता तिच्या जिवाला घोर कशाला?"

हे मिस्त्रींच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"सांगायला हवं," ते म्हणाले. "तपासून तरी घेईल."

"मग तुम्हीच सांगा. मला नाही जमायचं."

संध्याकाळी त्यांनी लेकीला फोन लावला. एकदा बोलायला लागल्यावर ते थांबले नाहीत. "तूही तपासून घे, बाळा," असं शेवटी म्हणाले. पलीकडून मुलगी म्हणाली, "बाबा, आईला द्या फोन."

फोन देऊन ते बाहेर जिन्यात जाऊन बसले. आत मायलेकी बोलत होत्या. मध्येच बायको कशालातरी हसली. मग खोकल्याची उबळ आली, ती थांबेचना.

शेजारचे गृहस्थ जिना चढत आले. "काय मिस्त्री, बाहेर कसे?"

"काही नाही, बसलोय जरा," मिस्त्री म्हणाले आणि भिंतीला चिकटून त्यांनी शेजाऱ्यांना वाट करून दिली.