मी न चालवलेली लाल गाडी

माझ्या मुलाने, मोंजीने, मला न विचारता गाडीवाली करून टाकलं. मी, मन्नूबिया, उभ्या जन्मात गाढवाचा लगामसुद्धा हातात धरला नाही. आणि मी म्हणे टप उघडणारी, दोन माणसांची लाल गाडी बाळगून होते, शुक्रवारी तीत बसून नवऱ्याच्या कबरीवर जात होते. गाडी विकायच्या जाहिरातीत त्याने असं लिहिलं आणि अख्ख्या बिझेर्त गावाने ते मोबाइलवर वाचलं. मला शेजारच्या झकियाने वाचून दाखवलं. हसू दाबायचे कष्टही तिने घेतले नाहीत.

खाली माझा फोटो होता. तो कधी काढला ते मला ठाऊक होतं, म्हणून तर जास्त झोंबलं. मोंजी इटलीहून बोटीने आला तो ही गाडी घेऊन. बाप गेला तेव्हा त्याला रजा मिळाली नव्हती. गाडी आणायला मिळाली. आल्यावर म्हणाला, आई चल, तुला समुद्राकाठी फिरवून आणतो. मी ठेवणीतली पांढरी सफसारी अंगावर घेतली. टप उघडा, वारा तोंडावर, कॉफीच्या दुकानांतले झाडून सगळे रिकामटेकडे बघतायत. मी मान इकडची तिकडे केली नाही. किल्ल्यापाशी त्याने फोटो काढला तेव्हा मात्र हसले. घरी येऊन गल्लीभर सांगितलं, मुलगा असावा तर असा. त्या गाडीत मी बसले ती तेवढीच.

इंजिन आधीच खलास होतं. पाणी प्यायचं, तापलं की पांढरा धूर सोडायचं. मिस्त्री म्हणाला इंजिन खोलावं लागेल, सामान इटलीहून मागवावं लागेल. मोंजी म्हणाला, ते घेणारा बघेल.

जाहिरातीवरून मी त्याला असा झापला की झकियाची खिडकी उघडली. तर कार्टं माझ्या पायाशी येऊन बसलं. म्हाताऱ्या बाईची गाडी म्हटलं की गिऱ्हाईक इंजिनात फार डोकावत नाही, असं समजावू लागलं. गाडी गेली की इटली सोडली, इथेच बंदरावर होड्यांच्या सामानाचं दुकान टाकतो, म्हणाला.

"तू फक्त गाडी तुझी म्हण, आई. बाकी मी बोलतो."

माझ्या शब्दावर या गल्लीत लग्नं ठरली आहेत. पण एकटीचं ताट वाढून वाढून मी विटले होते. गप्प बसले.

गिऱ्हाईक डोंगरातल्या केफहून आलं. रिधा नावाचा शाळामास्तर आणि त्याची आई मबरूका. बाई मेंढीच्या दुधाचं चीज घेऊन आली होती. मी लाजले, कारण सकाळी अंडं भरून तळायचे ब्रीक करायला अंडी काढायला गेले तर टोपली रिकामी. पाहुणीसमोर नुसत्या बटाट्याचे ब्रीक ठेवावे लागले.

पोरं गाडी घेऊन बंदराकडे चक्कर मारायला गेली. मबरूका गुडघे चोळत बसली. दवाखान्यासाठी तिला सारखं ट्युनिसला जावं लागतं, बसमध्ये हाल होतात.

"माझा रिधा म्हणतो, दोनच सीटा आहेत, आई, एक माझी, एक तुझी. सूनबाई येईल मागून बसने." आणि तोंडावर पदर घेऊन हसली.

ते हसू मी ओळखलं. किल्ल्यापाशी मी तेच हसले होते.

तेवढ्यात गाडी दारात आली. तिच्याबरोबर एक वास घरात शिरला. मबरूकाने नाक वर केलं. "बाई, तुमची अंडी करपली वाटतं चुलीवर."

घरात अंडी नव्हतीच. मग मला कळलं. माझा नवरा ट्रक चालवायचा. वाटेत रेडिएटर गळायला लागला की त्यात अंडी फोडून घालायचा. ती आत शिजतात, भोकात अडकतात, गळती थोडा वेळ थांबते. लहानपणी मोंजी शेजारी बसून बघायचा.

मी दारात गेले. मोंजी तापलेल्या बॉनेटला टेकून उभा होता, वाफ पाठीमागे लपवत. रिधा भला माणूस. म्हणाला, "लेल्ला मन्नूबिया, मला इंजिनातलं कळत नाही. गाडी तुमची. आईला घेऊन केफचा चढ चढेन ना मी? तुम्ही हो म्हणा, आत्ता घेतो."

"सांग ना, आई," मोंजी म्हणाला. इतक्या गोड आवाजात त्याने मला कधी हाक मारली नव्हती.

बंदरावरचं ते दुकान माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. फळीवर सामान, आत मोंजी, दुपारी त्याचा डबा घेऊन जाणारी मी. मग मी सांगून टाकलं. गाडी माझी नाही. फोटोपुरती बसले होते. इंजिन गेलेलं आहे, आणि वास येतोय तो माझ्याच अंड्यांचा. झकिया खिडकीत होती. तिनेही ऐकलं.

मायलेक बसने परत गेले. मबरूकाने चीज ठेवून घ्यायला लावलं. जाताना माझा हात धरला.

मोंजी भडकला. "झालं समाधान? मंगळवारची बोट आहे माझी, आता ही गाडी पुन्हा घेऊन जाऊ?"

बोलून गेला आणि जीभ चावली. म्हणजे परतीचं तिकीट आधीच खिशात होतं. दुकान कधी नव्हतंच.

मी अंड्यांची टोपली उचलली आणि रिकामीच त्याच्या मांडीवर ठेवली.

"मोंजी, तुझा बाप अंडी फोडायचा ती घरी पोचायला. तू फोडलीस ती घरातून निघायला. जा. आणि पुढच्या वेळी येशील तेव्हा बंदरावरून पायी ये."