ग्लेनिसनं आठवडा विकला

ग्लेनिस ॲक्रॉइडला ऊन सोसायचं नाही. इंग्लंडातल्या हडर्सफील्डच्या झाकोळात वाढलेली तिची कातडी स्पेनच्या तेनेरीफे बेटावरच्या उन्हात तासाभरात उकडलेल्या खेकड्यासारखी लाल व्हायची. उन्हाची हौस नवऱ्याला, नॉर्मनला. त्यानंच तिथल्या रिसॉर्टमध्ये टाइमशेअर घेतला होता: तळमजल्यावरचा फ्लॅट, दर फेब्रुवारीत एक आठवडा, जन्मभरासाठी. नॉर्मन गेला, आठवडा मागं राहिला. आणि देखभालीचं बिलही, दर वर्षी थोडं फुगून येणारं.

विकायची खटपट तिनं कमी केली नाही. जाहिरातीकडं कुणी ढुंकून पाहिलं नाही. रिसॉर्टवाले परत घेईनात. मग एकदा फोनवर एक गोडबोल्या भेटला.

"मॅडम, गिऱ्हाईक तयार आहे. फक्त आमची फी आधी भरा."

"तयार आहे ना? मग त्याच्याच पैशातनं कापून घे की!"

पलीकडून फोन आपटला गेला.

"आई, उद्या हे लोढणं माझ्या गळ्यात येणार," मुलगा रसेल कुरकुरला.

"नाही यायचं. या खेपेला विकूनच येते," ग्लेनिस बोलून गेली. कसं, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

तेनेरीफेला पोचली तर रिसॉर्टनं न्याहारीचं आमंत्रण ठेवलेलं. न्याहारी नावाला, नवे आठवडे लोकांच्या गळ्यात मारायचा तो कार्यक्रम. हॉल गार होता म्हणून ती जाऊन बसली. त्याच टेबलाशी आयर्लंडातल्या लिमरिकहून आलेलं जोडपं होतं, डेक्लन आणि ब्रीदा. ब्रीदा चाकाच्या खुर्चीत. थंडीत तिचे सांधे लाकडासारखे व्हायचे, म्हणून दोघं दर फेब्रुवारीत इथल्या हॉटेलात यायची.

"आज सही केलीत तर चौदा हजार युरो," विक्रेता कर्टिस म्हणाला. "उद्या अठरा."

"न्हाणीघराच्या दारातून माझी खुर्ची जाईल का?" ब्रीदानं विचारलं.

"बघू ना, काहीतरी सोय करू."

डेक्लनला घाम फुटला होता, तरी हात पेनाकडं चालला होता. ग्लेनिसनं उभा जन्म नवशिक्यांना गाडी शिकवण्यात घालवलेला. माणूस आता धडकणार, हे तिला चेहऱ्यावरून कळायचं.

"थांबा. पेन खाली ठेवा," ती त्याच जुन्या, शांत, करड्या आवाजात म्हणाली. "आधी माझं दार बघायला चला."

तिच्या फ्लॅटच्या दारातून ब्रीदा सरळ आत गेली. न्हाणीघरात शिरली, तिथंच वळली, आणि बाहेरच्या बागेत गेली. कुठं पायरी नाही, उंबरा नाही. डेक्लन मदतीला धावला तर तिनं त्याचा हात झटकला.

"लांब हो रे! जमतंय मला!"

बागेतून तिचं हसू ऐकू आलं. डेक्लननं डोळे पुसले.

"काय घेणार याचे?"

"आधी ऐकून घ्या," ग्लेनिस म्हणाली. "बिल दर वर्षी वाढतं. पहाटे कचऱ्याची गाडी खडखडाट करते. आणि हे एकदा गळ्यात पडलं की खपता खपत नाही, मलाच विचारा. आज होकार देऊ नका. झोपा, हिशेब करा, भांडा, मग या."

"इतकी वाईट विक्रेती मी जन्मात पाहिली नाही," ब्रीदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघं परत आली. हॉटेलाला दर वर्षी या बिलाच्या दुप्पट पैसे जात होते. ग्लेनिस एक युरो मागत होती.

"एक युरो? फुकटचं घेतलं म्हणून माझी आई थडग्यातनं उठून येईल!" ब्रीदा कडाडली. शेवटी आठशेवर तडजोड झाली. घेणारी वर ओढत होती, विकणारी खाली.

कागद करायला रिसॉर्टच्या ऑफिसात गेली, तर कर्टिस आडवा आला. "आवारात परस्पर विक्री चालत नाही!"

पण काउंटरवरच्या कांदेलारियानं मानही वर केली नाही. "सभासदाला आपला आठवडा कुणाच्याही नावे करता येतो. नियम आहे. इथं सही करा, सेन्योरा."

"माझं गिऱ्हाईक पळवलंत तुम्ही," कर्टिस धुमसला.

"पळवलं कुठं?" ब्रीदा म्हणाली. "मी माझ्या चाकांवर आले."

कांदेलारियाला हसू आवरेना. शिक्का मारताना तो वाकडाच बसला.

त्या संध्याकाळी तिघं बंदरावर जेवायला गेली. मिठातले सुरकुतलेले बटाटे, तिखट लाल चटणी, तळलेला मासा. ब्रीदानं पुढच्या फेब्रुवारीचं आमंत्रण दिलं.

"येते," ग्लेनिस म्हणाली, "पण पाहुणी म्हणून. बिल आलं की मी घरी!"

आजूबाजूची टेबलं वळून पाहण्याइतक्या मोठ्यानं ती हसली, आणि वाइनची आणखी एक बाटली मागवली.