टॉवेलाखालचा भोंगा

मी भोंगा बोलतोय. बोलतोय म्हणजे ओरडतोय, मला दुसरं काही येत नाही. पेट्रोल पंपाच्या ऑफिसात, मालकांच्या खुर्चीच्या बरोबर वर, मला भिंतीवर ठोकलं होतं. खाली जमिनीत टाकी. टाकीला दोन भिंती, आत एक, बाहेर एक, आणि मधल्या फटीत माझी तार. फटीत पेट्रोल उतरलं की मी ओरडायचं. माझं शिक्षण एवढंच.

कारखान्यात मला एकदा ओरडून दाखवायला लावलं. सगळ्यांनी कानावर हात ठेवले आणि म्हणाले, "पास." माझ्या ओरडण्याचं कौतुक झालं ते तेवढंच.

पंपावर तिघांचं राज्य. मालक, जे खुर्चीत झोपत. त्यांचे काका, ज्यांनी पंप उभा केला आणि तेव्हापासून तेच सांगत बसले. आणि मालकांचे भाऊजी. त्यांना कशातलंच काही कळत नसे, म्हणून सगळे त्यांनाच विचारत.

मी पहिल्यांदा ओरडलो तेव्हा मालक खुर्चीतून खाली पडले. टाकीची आतली भिंत फुटली होती, तेच मी सांगत होतो. तिघांनी खाली बघितलंच नाही. माना वर करून माझ्याकडे बघितलं.

"आमच्या वेळी भोंगे नव्हते," काका म्हणाले, "आणि गळतीही नव्हती. आता भोंगा आला, गळती आली. काय ते तूच समज."

"उघडच आहे," भाऊजी म्हणाले.

मेकॅनिकला बोलावलं. त्यानं मला उघडलं, तपासलं, बंद केलं. "हा बरोबर ओरडतोय. टाकी रिकामी करून बघा."

"ते बघू," काका म्हणाले. "आधी याला थोडं चुकीचं ओरडायला शिकवता येईल का, ते सांग."

तो नाही म्हणाला, तर त्यालाच उद्धट ठरवून घालवून दिलं. मग मालकांचा घाम पुसायचा टॉवेल माझ्या तोंडाला गुंडाळला, वरून दोरी आवळली. माझ्या लाल दिव्यावर भाऊजींनी कॅलेंडर टांगलं. काकांनी लांबून बघितलं. "आता कसा शहाण्यासारखा वागतोय," म्हणाले.

मी ओरडतच होतो. टॉवेलातून आवाज आजारी कबुतरासारखा यायचा. गिऱ्हाइकांनी विचारलं की मालक सांगत, फ्रीज आहे.

पंपाला लागूनच तळघरात इस्त्रीवाल्या मावशीचं दुकान. चार टेबलं, चार इस्त्र्या, सकाळपासून तापलेल्या. टाकीची बाहेरची भिंतही गंजलेलीच होती, कारण काकांनी ती टाकी ओळखीतून आणलेली. पेट्रोल मातीतून झिरपत मावशीच्या तळघराकडे निघालं. एक दिवस मावशी ऑफिसात आली.

"काका, तुमच्या पेट्रोलचा वास माझ्या दुकानात येतोय. काल एकानं शर्ट परत आणला. म्हणाला, इस्त्री केलीत की टाकी फुल केलीत?"

"पंपाशेजारी काय अत्तराचा वास येणार?" भाऊजी म्हणाले.

"खिडकी उघड," काका म्हणाले.

"तळघराला खिडकी नाही, काका."

"मग त्यात आमचा काय दोष?"

खाली चार तापलेल्या इस्त्र्या. एक ठिणगी, की मावशी, तिच्या हाताखालच्या बायका, पंप, काका, सगळं एकदम वर. मी जीव तोडून ओरडलो.

"फ्रीज जुना झालाय," मालक म्हणाले.

आम्हाला वाचवलं ते काकांच्या स्वच्छतेनं. त्यांना एकाएकी टॉवेल कळकट दिसला. "आलीच आहेस तर हा धुवायला ने," म्हणत त्यांनी स्वतःच्या हातानं दोरी सोडली.

मी असा ओरडलो की टेबलावरचा चष्मा खाली पडला.

"हे काय?" मावशीनं विचारलं.

"काही नाही," काका म्हणाले. "त्याला सवय आहे."

मावशीनं कॅलेंडर बाजूला केलं. दिव्याखाली ठळक अक्षरात लिहिलं होतं: टाकी गळत आहे. तिनं ते एकदा मोठ्यानं वाचलं आणि कुणाशी वाद न घालता बाहेर पडली. तळघरात उतरलीच नाही. पायऱ्यांच्या वरूनच हाक मारली, "आहे तसं टाका आणि वर या. बटणाला कुणी हात लावू नका." बाहेर लांबवर असलेला मेन स्विच बंद केला आणि चौकात जाऊन अग्निशमन दलाला फोन लावला.

रस्ता बंद झाला. टाकीतलं पेट्रोल उपसलं, तळघरातली हवा खेचून काढली, पंपाचं अंगण खणलं. टाकी वर आली तेव्हा तिच्या बुडाला अंगठा जाईल एवढं भोक.

दलाच्या अधिकाऱ्यानं विचारलं, "भोंगा वाजला नाही का?"

"वाजला ना," मालक म्हणाले. "म्हणून तर गुंडाळला."

नंतर तिघांची बैठक झाली आणि दोष माझा निघाला. "सांगायची एक पद्धत असते," काका म्हणाले. "नीट सांगितलं असतं तर आम्ही ऐकलं नसतं का?"

नव्या टाकीसाठी गोड आवाजाचं यंत्र आणलं. त्यातली बाई म्हणते, कृपया सवडीनं टाकीकडे लक्ष द्यावे. मला भंगारात टाकलं. तिथून मावशीनं उचललं, मेकॅनिककडून टाकीची एक तार तळघरात ओढून घेतली आणि मला भिंतीवर लावलं. काकांनी विचारलं तर सांगितलं, टीव्हीची आहे.

परवा ती बाई बोलली. काका खुर्ची पुढे ओढून बसले. "किती सालस बोलते. परत ऐकू या." भाऊजींनी डोळे मिटून मान डोलावली. हे मला मावशीकडून कळलं, कारण त्याच वेळी मी खाली ओरडत होतो. मावशी सगळ्यांना घेऊन तरातरा वर गेली आणि मेकॅनिकला हाताला धरून घेऊन आली. नव्या टाकीचा एक जोड सैल होता. त्यानं तो आवळला. माझ्यासाठी कुणी टॉवेल शोधला नाही.

तुमच्या घरातही कुणीतरी ओरडत असेल. त्याला पद्धत शिकवण्याआधी एकदा खाली वाकून वास घ्या.

निरोप घ्यायचीही एक पद्धत असते म्हणे. ती मला कुणी शिकवली नाही. शिवाय तार परत ओली लागतेय. ओरडतो.